गावी नेल्यावर गेमला कुलूप पडतं, त्याचं काय करायचं

साताऱ्यात घरी सगळे गेम व्यवस्थित चालतात. गणपतीला, दिवाळीला नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत कन्सोल पिशवीत घालून गावी नेला, टीव्हीला जोडला, की गेमच्या चित्रापाशी छोटं कुलूप दिसतं आणि गेम काही उघडत नाही. मेढ्याच्या पुढची गावं, बामणोली, पाटण खोरं, कोयनेच्या पाण्याकडेची वस्ती, जिथं रेंज असली तर असते नाहीतर नसते, तिथून दर सणाला हीच तक्रार येते. दुसरी तक्रार वरवर वेगळी वाटते, पण मूळ तेच: जुनी डिस्क किंवा जुना कन्सोल घेतला, आधीच्या मालकाकडे चालत होता, आपल्याकडे आल्यावर मात्र इंटरनेट मागतो.

माझं साताऱ्यात कंप्युटर आणि गेम कन्सोल दुरुस्तीचं काम आहे. या तक्रारी घेऊन लोक कन्सोल उघडून घ्यायच्या तयारीने येतात. बहुतेक वेळा स्क्रूला हात लावायची गरज नसते. कन्सोल बिघडलेला नसतो, तो लायसन्स, म्हणजे तो गेम खेळायची परवानगी, शोधत असतो आणि त्याला ते सापडत नसतं. पोरांनी पॉकेटमनी साठवून घेतलेली वस्तू सुट्टीच्या चार दिवसांत बंद पडते, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, "बघ, कचरा उचलून आणलास." तो कचरा नसतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

स्क्रीनवर नक्की काय आलंय ते आधी वाचा

"चालत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. चार वेगवेगळ्या गोष्टींना लोक "लॉक झालं" म्हणतात.

"डिस्क टाका" असं येत असेल तर ते कुलूप नाही. गेम डिस्कचा आहे आणि डिस्क आत नाही किंवा वाचली जात नाही. डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, पुन्हा घाला. तरी तेच आलं तर दुसरी डिस्क घालून बघा. दुसरी चालली तर दोष पहिल्या डिस्कमध्ये, दोन्ही नाही चालल्या तर ड्राइव्हमध्ये. इथं इंटरनेटचा काही संबंध नाही.

कुलपाचं चित्र असेल तर गेम डिजिटल आहे, म्हणजे ऑनलाइन स्टोअरमधून घेतलेला, आणि कन्सोलला त्याचं लायसन्स पटत नाहीये. बहुतेकांची अडचण हीच असते. खाली सगळ्यात जास्त याच्यावरच लिहिलंय.

गेम उघडतो, कंपनीचं नाव येतं आणि मग "सर्व्हरशी संपर्क होत नाही" म्हणून अडकतो, तर कन्सोलचा दोष नाही. तो गेमच सर्व्हरवर चालणारा आहे.

आणि एखादा पीएस फोर, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ४, बरेच महिने कपाटात पडून होता, आता लावल्यावर तारीख भलतीच दाखवतो आणि गेम सुरू होताहोता सीई-३४८७८-० असा कोड देऊन बंद पडतो, तर आतला घड्याळाचा सेल संपलेला असू शकतो. हा कोड इतर कारणांनीही येतो, त्यामुळे तारीख बघितल्याशिवाय सेलवर ठपका ठेवू नका.

कुलूप: गेम कुणाच्या नावावर आहे?

प्लेस्टेशनवर प्रत्येक अकाउंटला एकच पीएस फोर "प्रायमरी" म्हणून नोंदवता येतो. ज्या कन्सोलवर ही नोंद असते, तिथं त्या अकाउंटवरचे गेम इंटरनेट नसतानाही उघडतात, आणि त्याच कन्सोलवरची बाकीची अकाउंटंही ते खेळू शकतात. नोंद नसलेल्या कन्सोलवर तेच गेम खेळायचे तर ज्याने ते विकत घेतले त्याचंच अकाउंट लागतं, आणि लायसन्स तपासायला कन्सोलला इंटरनेट लागतं. घरी वायफाय कायम चालू असल्यामुळे ही तपासणी गुपचूप होऊन जाते, कुणाच्या लक्षातही येत नाही. गावी वायफाय गेलं की कुलूप पुढे येतं.

पीएस फोरवर ही नोंद बघायची जागा: सेटिंग्ज, मग अकाउंट मॅनेजमेंट, मग अ‍ॅक्टिव्हेट अ‍ॅज युवर प्रायमरी पीएस फोर. तिथं "अ‍ॅक्टिव्हेट" दाबता येत असेल, तर याचा अर्थ हा कन्सोल अजून प्रायमरी नाही. दाबा. पीएस फाइव्हवर नाव बदललंय: सेटिंग्ज, युजर्स अँड अकाउंट्स, अदर, आणि तिथं कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले. ते एनेबल असायला हवं. एका अकाउंटला एक पीएस फोर आणि एक पीएस फाइव्ह अशी दोन्ही ठिकाणची नोंद एकाच वेळी ठेवता येते, त्यामुळे एकावर केली म्हणून दुसऱ्याची जात नाही.

नोंद बरोबर असूनही कुलूप असेल तर याच मेनूंमध्ये रिस्टोअर लायसन्सेस नावाचा पर्याय आहे. इंटरनेट जोडून तो एकदा चालवा, कन्सोल बंद करून चालू करा. यात सेव्ह केलेला खेळ पुसला जात नाही. लोक घाबरून गेम डिलीट करून पुन्हा डाउनलोड करायला लागतात आणि अख्ख्या महिन्याचा डेटा संपवतात. ते करू नका.

आता यातली सगळ्यात दुखरी गोष्ट. इन्स्टाग्राम, टेलिग्रामवर "प्रायमरी अकाउंट", "सेकंडरी अकाउंट" या नावाने स्वस्तात गेम विकले जातात. पाच हजारांच्या घरातला गेम हजार-बाराशेला मिळतो म्हणून पोरं घेतात. विकणारा एक अकाउंट बनवतो, त्यावर एकदा गेम विकत घेतो, आणि तेच अकाउंट एकाला प्रायमरी म्हणून आणि दुसऱ्याला सेकंडरी म्हणून देतो. सेकंडरीवाल्याला प्रत्येक वेळी इंटरनेट लागणारच, ती त्या सौद्याचीच अट आहे, फक्त ती कुणी नीट सांगत नाही. प्रायमरीवाल्याचं तरी कुठं भलं होतं? अकाउंट विकणाऱ्याच्या ईमेलवर असतं. तो वेबसाइटवरून सगळी उपकरणं एका झटक्यात काढून टाकू शकतो. ही सोय सहा महिन्यांतून एकदा वापरता येते, आणि तेवढी त्याला पुरते. घर तुम्ही बांधायचं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवायचा, असा हा व्यवहार आहे. कंपनीच्या अटींमध्येही तो बसत नाही, त्यामुळे दाद मागायला कुठे जागा नाही. असा गेम घेऊन माझ्याकडे कुणी आलं तर मला खरंच वाईट वाटतं, कारण माझ्या हातात काहीच नसतं. त्याच पैशात जुनी डिस्क घ्या. डिस्क तुमची, तुम्ही ती उद्या मित्राला द्या, विका, गावच्या भावाला देऊन या. तिला कुणाचं अकाउंट लागत नाही.

प्लेस्टेशन प्लसमध्ये मिळालेल्या गेमचंही लक्षात ठेवा. वर्गणी चालू तोवर ते आपले. वर्गणी सुट्टीतच संपत असेल तर निघण्याआधी तारीख बघा. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची गेम पास नावाची अशीच वर्गणी आहे, तिच्यावरचे गेम इंटरनेटशिवाय चालतात, पण ३० दिवसांतून एकदा तरी कन्सोलला ऑनलाइन यावं लागतं.

निघण्याआधी घरीच गाव करून बघा

यावर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे आदल्या दिवशी घरीच इंटरनेट तोडून बघणं. पीएस फोरवर सेटिंग्ज, नेटवर्कमध्ये जाऊन कनेक्ट टू द इंटरनेट यावरची खूण काढा. एक्सबॉक्सवर नेटवर्क सेटिंग्जमध्ये गो ऑफलाइन आहे. मग कन्सोल पूर्ण बंद करा. रेस्ट मोड नको, पूर्ण बंद. पुन्हा चालू करून नेणार असाल तो प्रत्येक गेम उघडा आणि नुसतं पहिल्या पानावर थांबू नका, थोडा खेळून बघा. काही गेम मुख्य मेनूपर्यंत येतात आणि पुढे जाताना इंटरनेट मागतात.

जो उघडला नाही तो इथंच कळला. वायफाय हाताशी आहे, तासाभरात सगळं ठीक करता येतं. बामणोलीत पोचल्यावर हे कळलं तर मागे कास आणि पुढे पाणी.

सिस्टीमचं अपडेट आणि गेमची अपडेटं हीसुद्धा इथंच करून घ्या. सिस्टीमचं अपडेट एक वेळ पेनड्राइव्हवरून करता येतं: कंपनीच्या अधिकृत साइटवरून फाइल घ्यायची, पेनड्राइव्हवर पीएस फोर नावाच्या फोल्डरमध्ये अपडेट नावाचं फोल्डर करून त्यात ठेवायची, दोन्ही नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत (PS4 आणि UPDATE), आणि सेफ मोड या दुरुस्तीच्या मेनूमधून चढवायची. पण गेमचं अपडेट असं पेनड्राइव्हवरून देता येत नाही. ते कन्सोललाच उतरवून घ्यावं लागतं. सिस्टीम अपडेट चालू असताना वीज गेली तर मोठं काम होऊन बसतं, म्हणून पावसाळ्यात महावितरणच्या भरवशावर राहून ते सुरू करू नका. इन्व्हर्टर असेल तर त्यावर करा.

गावी पोचलात आणि आता कुलूप दिसतंय

घाबरू नका. लायसन्स तपासायला फार थोडा डेटा लागतो, त्याला फोनचा हॉटस्पॉट भरपूर झाला. अडचण वेगळीच असते.

मागच्या गणपतीत बामणोलीकडून एका पोराच्या मामांचा फोन आला. "दादा, डिस्क आत हाय, फिरतीय बी, मग कुलूप कशाचं?" मी विचारलं, कुलूप कुठल्या गेमवर आहे? तर ते फुटबॉलच्या गेमवर होतं आणि आत डिस्क होती गाड्यांच्या गेमची. गाड्यांचा गेम चालत होता. फुटबॉलचा डिजिटल होता आणि कन्सोल प्रायमरी नव्हता. हॉटस्पॉट चालू करा म्हटलं, तर म्हणाले केलाय, पण यादीत नावच येत नाही. फोनला रेंज माळ्याच्या खिडकीशीच यायची, म्हणून त्यांनी तो कापडी पिशवीत घालून खिडकीच्या गजाला टांगला होता आणि कन्सोल खाली माजघरात. मला आधी वाटलं अंतर जास्त असेल. मग कन्सोल कुठला ते विचारलं. पहिला, जाडा पीएस फोर.

इथं गोम आहे. पहिल्या पीएस फोरचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. आताचे फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर लावून ठेवतात. त्या कन्सोलला तो हॉटस्पॉट दिसणारच नाही, फोन त्याच्या डोक्यावर आणून ठेवला तरी. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड २.४ करा. आयफोनवर मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी नावाचं बटण आहे, ते चालू करा. मामांनी बँड बदलला, नाव लगेच यादीत आलं, आणि अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर कुलूप गेलं. पीएस फोर स्लिम आणि प्रो दोन्हींना ५ गिगाहर्ट्झ चालतं, पण लांबवर आणि भिंतीपलीकडे २.४ जास्त पोचतं. गावच्या जाड भिंतींच्या घरात तेच बरं.

हॉटस्पॉट जोडण्याआधी एक काम नक्की करा: ऑटोमॅटिक डाउनलोड बंद करा. पीएस फोरवर सेटिंग्ज, सिस्टीम, ऑटोमॅटिक डाउनलोड्स. नाहीतर इंटरनेट मिळाल्याबरोबर कन्सोल कुठल्यातरी गेमचं अपडेट ओढायला लागतो आणि दिवसाचा दीड-दोन जीबी लायसन्सपर्यंत पोचायच्या आतच संपून जातो.

हॉटस्पॉट जोडला, इंटरनेट चाचणी पास झाली, पण साइन इन होत नाही? नेटवर्क सेटिंगमध्ये कस्टम निवडून डीएनएस हाताने भरा, ८.८.८.८ आणि दुसरा १.१.१.१. काही नेटवर्कवर एवढ्याने काम होतं. चाचणीत नॅट टाइप ३ आलं म्हणून लोक केबलवाल्याशी भांडत बसतात. नॅट टाइपने मित्रांशी बोलायला आणि सामने जुळायला त्रास होतो, लायसन्सचं कुलूप त्यामुळे पडत नाही.

आणि हे सगळं करण्याआधी प्लेस्टेशन नेटवर्कच बंद नाही ना, ते फोनवर त्यांच्या स्टेटस पानावर बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते जगभर जवळजवळ दिवसभर बंद होतं. एप्रिल २०११ मध्ये तर हॅकिंगनंतर काही आठवडे बंद राहिलं होतं. असं असेल तेव्हा घरातल्या कुठल्याच सेटिंगला हात लावू नका, विनाकारण घोळ वाढतो.

घड्याळाचा सेल

पीएस फोरच्या मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा गोल सेल असतो, वीज नसताना आतलं घड्याळ चालवायला. मनगटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडेही हा सेल मिळतो. तो संपला की तारीख विसरली जाते. पूर्वी यातून मोठीच अडचण व्हायची: गेममधली पदकं, म्हणजे ट्रॉफी, तारखेसकट नोंदवायच्या असतात, आणि घड्याळावर भरवसा नसेल तर कन्सोल इंटरनेटवरून वेळ जुळवल्याशिवाय गेमच चालू द्यायचा नाही. सेल मेलेला आणि इंटरनेट नाही, म्हणजे हातातली डिस्कसुद्धा बिनकामाची. जगभरच्या खेळणाऱ्यांनी यावर आवाज उठवला आणि सप्टेंबर २०२१ च्या ९.०० या सिस्टीम अपडेटमध्ये हा प्रकार बंद झाला.

म्हणून जुना पीएस फोर घेतलात की सिस्टीम आवृत्ती ९.०० किंवा पुढची आहे ना बघा. त्याच्या आतली असेल तर नुसता सेल बदलून भागत नाही, बदलल्यावर एकदा ऑनलाइन जाऊन वेळ जुळवावी लागते. सेल बदलायला कन्सोल बराच उघडावा लागतो. सवय नसेल तर घरी करू नका, रिबनच्या पट्ट्या नाजूक असतात.

डिस्क आहे, तरी इंटरनेट मागते

साधा नियम असा की पीएस फोर आणि पीएस फाइव्हची डिस्क अकाउंटशिवाय, इंटरनेटशिवाय, त्या त्या जातीच्या कुठल्याही डिस्कवाल्या कन्सोलवर चालते. पण नियमाला अपवाद वाढत चाललेत, आणि जुनी डिस्क घेणाऱ्याने ते माहीत करून घेतले पाहिजेत.

एक, डिस्कवर गेम पूर्ण नसतोच. २०२२ च्या कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर टू च्या पीएस फाइव्ह डिस्कवर ७० एमबीच्या आसपास माल होता, बाकी सगळा गेम डाउनलोड. अशी डिस्क ही किल्लीसारखी वापरली जाते. ती विकता येते, पण नव्या मालकाला गेम पहिल्यापासून उतरवावाच लागतो. निंटेंडो स्विच टू वर २०२५ मध्ये आलेली गेम की कार्ड हीच पद्धत उघडपणे वापरतात: पहिल्यांदा इंटरनेट, नंतर खेळताना कार्ड आत. डिस्कच्या किंवा कार्डच्या डब्यावर "डाउनलोड आवश्यक" अशी सूचना इंग्रजीत असते. विकत घेताना डबा मागून वाचा, नुसतं पुढचं चित्र बघू नका.

दोन, गेम कायम सर्व्हरशी बोलतो. ग्रॅन टुरिस्मो सेव्हन याचं चांगलं उदाहरण. एकट्याने खेळायच्या भागालाही जवळजवळ सगळीकडे इंटरनेट लागतं. मार्च २०२२ मध्ये त्याच्या सर्व्हरची देखभाल लांबली आणि तीस तासांहून जास्त वेळ डिस्क घेतलेल्यांनाही धड खेळता आलं नाही. डायब्लो फोरही असाच. हे गेम चांगले आहेत, साताऱ्यात फायबरवर छान चालतात. गावी न्यायच्या यादीत मात्र त्यांना धरू नका.

तीन, सर्व्हर कायमचा बंद झालाय. हे सगळ्यात वाईट, कारण इथं इलाज नाही. युबिसॉफ्टचा २०१४ चा द क्रू हा गाड्यांचा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद केला गेला. त्याची डिस्क एकट्याने खेळायलासुद्धा चालत नाही. बॅबिलन्स फॉल २७ फेब्रुवारी २०२३ ला गेला. ओव्हरवॉचची २०१६ ची डिस्क ऑक्टोबर २०२२ पासून निरुपयोगी आहे, त्याजागी फुकटचा दुसरा भाग आला. अँथमचे सर्व्हर जानेवारी २०२६ मध्ये बंद झाले. तरी या डिस्का जुन्या बाजारात फिरतच असतात, आणि घेणाऱ्या पोराला दीडशे-दोनशेला पडली तरी ती फसवणूकच आहे. विकणाऱ्यालाही बरेचदा माहीत नसतं. द क्रू बंद झाल्यावर रॉस स्कॉट या माणसाने स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम सुरू केली आणि युरोपात तिला दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. मला ती मागणी पूर्ण पटते. पैसे घेऊन विकलेली वस्तू कंपनीने बंद करायची असेल तर तिने ती निदान ऑफलाइन चालण्याजोगी करून मग जावं.

चार, डब्यातला कोड वापरला गेलेला असतो. जादाचे खेळाडू, नकाशे, पोशाख हे कागदावरच्या कोडने मिळतात आणि तो एकदाच चालतो. जुन्या डिस्कवर ते मिळणार नाही, मूळ गेमला त्याने बाधा येत नाही. शिवाय दुबईहून किंवा अमेरिकेहून कुणी आणलेली डिस्क तुमच्या कन्सोलवर चालेल, पण तिच्यासाठी भारताच्या स्टोअरमधून घेतलेला जादा भाग जुळेलच असं नाही. डिस्क ज्या प्रदेशाची, जादा भाग त्याच प्रदेशाच्या अकाउंटवर लागतो. पैसे भरण्याआधी हे तपासा.

एक्सबॉक्सवाल्यांसाठी

एक्सबॉक्स वनबद्दल अजून लोकांच्या मनात भीती आहे की तो रोज इंटरनेट मागतो. ती भीती हवेतून आलेली नाही. मे २०१३ मध्ये तो जाहीर झाला आणि जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने नियम सांगितले: कन्सोलने २४ तासांतून एकदा ऑनलाइन यायचं, दुसऱ्याच्या कन्सोलवर खेळत असाल तर तासातासाला. डिस्कचा गेम मित्राला द्यायचा तर तो मित्र तीस दिवस तुमच्या मित्रयादीत असला पाहिजे, आणि तो गेम एकदाच देता येईल. जुना गेम दुकानात विकू द्यायचा की नाही ते गेम बनवणारी कंपनी ठरवणार. १० जूनला लॉस एंजेलिसमध्ये सोनीने मंचावरून जाहीर केलं की पीएस फोरवर जुन्या डिस्कांना कसलीही अडकाठी नाही, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि १९ जूनला मायक्रोसॉफ्टने आपले नियम मागे घेतले. विक्री सुरू व्हायच्या आधीच. म्हणजे ते नियम कुणाच्या घरच्या कन्सोलला कधी लागलेच नाहीत. लोक बोलले म्हणून ते थांबलं, आणि आज आपण जुन्या डिस्का घेतो-विकतो ते त्यामुळेच.

उरलं ते एवढं: एक्सबॉक्स नवा लावताना किंवा फॅक्टरी रीसेट केल्यावर इंटरनेट लागतंच. म्हणून गावी जाऊन काही बिघडलं तर पहिल्याच फटक्यात रीसेट मारू नका, पीएस फोर इंटरनेटशिवाय परत उभा राहतो, तसा हा राहणार नाही. प्रायमरीची सोय इथं होम एक्सबॉक्स नावाने आहे: सेटिंग्ज, जनरल, पर्सनलायझेशन, माय होम एक्सबॉक्स. ही नोंद वर्षातून मोजक्याच वेळा बदलता येते, तेव्हा मित्रांच्या कन्सोलवर उगाच फिरवत बसू नका.

एक्सबॉक्स वननंतरच्या सिरीज एक्समध्ये एक्सबॉक्स वनची डिस्क पहिल्यांदा घातली की सुरुवातीच्या काळात इंटरनेटवर तपासणी व्हायची. २०२२ मध्ये बहुतेक डिस्कांसाठी ती काढून टाकली, त्यामुळे सिस्टीम अपडेट केलेलं असेल तर प्रश्न येऊ नये. एक्सबॉक्स ३६० ची डिस्क मात्र नव्या कन्सोलवर नुसती ओळख पटवायला असते, गेम डाउनलोडच करावा लागतो. सिरीज एसला तर डिस्कची खाचच नाही. जुन्या डिस्कांचा ढीग घरात असताना एस घेणाऱ्यांना मी हे आधीच सांगतो.

जुना कन्सोल घेताना

विकणाऱ्याच्या समोर, त्याच्या घरच्या नाहीतर तुमच्या फोनच्या इंटरनेटवर, कन्सोल चालू करून तुमच्या स्वतःच्या अकाउंटने साइन इन करून बघा. कन्सोल कंपनीने नेटवर्कवरून बंद केलेला असेल तर तिथंच कळतं. विकणाऱ्याने आपलं अकाउंट प्रायमरीतून काढून मग रीसेट करावा. "आत वीस गेम भरून देतो" असं म्हणत असेल तर ते गेम त्याच्या अकाउंटवरचे आहेत, आज ना उद्या कुलूप पडणार, त्याचे पैसे मोजू नका.

जेलब्रेक केलेले, म्हणजे कंपनीची बंधनं तोडून विकत न घेतलेले गेम भरलेले, पीएस फोर आपल्याकडे बरेच विकले जातात. ते जुन्या सिस्टीम आवृत्तीवर थांबवलेले असतात. नव्या गेमची डिस्क घातली की अपडेट मागते, अपडेट केलं की जेलब्रेक जातं आणि आतले गेम बंद पडतात. डिस्का खेळायच्या असतील तर असा कन्सोल घेऊच नका, स्वस्त असला तरी.

पीएस फाइव्ह स्लिमचा डिस्क ड्राइव्ह वेगळा निघतो. तो पहिल्यांदा बसवताना कन्सोलशी जोडी जुळवायला इंटरनेट लागतं. ड्राइव्ह वेगळा घेतला असेल तर गावी न्यायच्या आधी इथंच बसवून एक डिस्क चालवून बघा.

एवढं करूनही अडलं तर विचारायला संकोच करू नका. फक्त सोबत चार गोष्टी सांगा: कन्सोलचं नेमकं मॉडेल, सिस्टीमची आवृत्ती, गेम डिस्कचा की डिजिटल, आणि डिजिटल असेल तर कुणाच्या अकाउंटवर घेतलेला. आणि स्क्रीनवरचा मेसेज शब्दन् शब्द लिहून न घेता सरळ त्याचा फोटो काढून पाठवा, कोडातला एक आकडा चुकला तरी मी भलत्याच दिशेला शोधत बसतो.